मोडी वाचनाचे ऑनलाइन गट: काही टिकतात, बरेच विझतात. असं का होतं?

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गेल्या काही वर्षांत मोडी ही मराठीची जुनी लिपी शिकवणारे व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम गट भराभर निघाले. टाळेबंदीत अनेकांनी घरबसल्या मुळाक्षरं गिरवली. पुढे २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. शिंदे समिती नेमली गेली. जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडीत असल्याने गावोगावी मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. तेव्हा या गटांत माणसांची रीघ लागली. मला त्याचा आनंदच झाला. पण यातले बरेच गट मी आतून पाहिले आहेत. सुरुवातीला उत्साह असतो, तक्त्यांच्या पीडीएफचा पाऊस पडतो. बाराखडी संपून खरं पत्र समोर आलं की गळती लागते. काही महिन्यांनी दोन-तीन जाणकार आपापसांत बोलत असतात आणि बाकीचे आवाज बंद करून बसलेले असतात.

माझ्या मते याचं कारण मोडीच्या स्वभावात आहे. अक्षरं ओळखायला पंधरवडा पुरतो, वाचायला मात्र वर्षं लागतात. लिहिणारा आधी पानभर शिरोरेषा ओढतो आणि मग हात फारसा न उचलता त्याखाली लिहीत जातो. दोन शब्दांत जागा नसते, विरामचिन्हं नसतात. पहिली वेलांटी की दुसरी, हा भेद बहुधा पाळलेला नसतो. त्यात प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं. तक्त्यातलं अक्षर आणि कागदावरचं अक्षर पहिल्या भेटीत एकमेकांना ओळखसुद्धा देत नाहीत. अशा वेळी शेजारी बसून 'पुन्हा बघ' म्हणणारं कुणीतरी लागतं. पूर्वी दफ्तरात तसं माणूस असायचं. आता आपण नाशिकला, अकोल्याला, पणजीला, शारजाला एकेकटे बसून शिकतो, म्हणून ते काम गटाला करावं लागतं.

एक प्रसंग सांगते. आमच्या गटात एका नव्या मैत्रिणीने एका पानातल्या 'मौजेमजकूर' या सलग अक्षरांचं वाचन 'मौजे मजकूर' असं अचूक केलं आणि पुढे लिहिलं, 'मजकूर हे गाव नकाशावर सापडत नाही, कुठल्या तालुक्यात आहे?' उत्तर एका ओळीत देता आलं असतं. पण आमच्यातल्या एका ज्येष्ठ काकांनी तिला विचारलं, 'पहिल्या ओळीत कुठल्या गावाचं नाव आलं आहे?' तिने ते शोधून सांगितलं. मग काकांनी विचारलं, 'मग खाली चार वेळा दुसरंच गाव येईल का?' पाचेक मिनिटांत तिचं उत्तर आलं: 'म्हणजे मजकूर म्हणजे वर सांगितलेलं तेच गाव!' त्यानंतर आणखी तिघांनी लिहिलं की आम्हीही हे गाव शोधत होतो, पण विचारायचं धाडस झालं नाही. त्या एका प्रश्नाने चौघं शिकले आणि चौघंही गटात राहिले.

म्हणून आम्ही काही रीती ठरवल्या. सोमवारी एकाच पानाचा फोटो, सात-आठ ओळींपेक्षा जास्त नाही. गुरुवारपर्यंत फक्त नव्या मंडळींनी वाचायचं, जाणकारांनी थांबायचं. जे अक्षर लागलं नाही तिथे चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह टाकायचं. अंदाज ठोकून पुढे जायचं नाही. दुरुस्ती करणाऱ्याने नुसतं बरोबर वाचन द्यायचं नाही, ते अक्षर त्याच पानात दुसरीकडे कुठे आलं आहे तेही दाखवायचं. रविवारी संध्याकाळी तासभर ऑनलाइन बसून सगळ्यांनी मिळून ते पान मोठ्याने वाचायचं.

तुमच्या गटांत काय चालतं, काय चाललं नाही, ते मोकळेपणाने लिहा. मोडीच हवी असं नाही.

---

ओसरी

ताई, फार जिव्हाळ्याचा विषय काढलात. मी अशा गटांतली 'गप्प वाचणारी'. आधीच्या एका गटात मी पहिलंच वाचन टाकलं, तर एका जाणकारांचं उत्तर आलं, 'इतकं सोपं पान आहे, नीट बघा.' त्यांचा हेतू वाईट नव्हता हे मला कळतं. पण त्यानंतर तिथे एक अक्षर लिहायचं मन झालं नाही. सोपं कुणाला, हा प्रश्न उरतोच ना.

एक विनंती. गप्प बसणाऱ्यांना 'निष्क्रिय' म्हणून गटातून काढू नका. मी रोज रात्री भाकऱ्या झाल्या की वहीत ते पान उतरवते आणि इतरांच्या दुरुस्त्यांशी ताडून पाहते. माझं शिकणं चालूच असतं, फक्त ते कुणाला दिसत नाही.

---

जुना_कारकून

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये. माझं आयुष्य दफ्तरात गेलं. मोडी कागद म्हणजे कुणाची जमीन, कुणाचं वतन, कुणाचं कर्ज. तिथे 'प्रयत्न केलास, छान' म्हणून चालत नाही.

उदाहरण देतो. मोडीत आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. '१२॥ बिघे' म्हणजे साडेबारा बिघे. पण याच दोन रेघा अक्षरापुढे आल्या की तो शब्द तोडून लिहिला आहे असं समजायचं. 'मु॥' म्हणजे मुक्काम, 'प॥' म्हणजे परगणे. नवशिके आकड्यापुढच्या रेघासुद्धा संक्षेपाची खूण समजून सोडून देतात. असं एक चुकीचं वाचन एका गटातून बाहेर पडलं आणि त्या घरच्यांनी ते खरं धरून वकील गाठला. अर्धा बिघा कागदावरून नाहीसा झाला होता. सगळ्यांना बोलू द्या, जरूर द्या. पण शेवटचा शब्द कुणाचा, हे आधी ठरलेलं असावं.

---

रानजाई

काका, राग कसला? तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं आणि म्हणूनच ते वेगळं काढून बोलू.

आमच्याकडे वाचनाला दोन पायऱ्या आहेत, कच्चं आणि पक्कं. गटात सोमवार ते रविवार जे चालतं ते सगळं कच्चं. त्याच्या प्रत्येक ओळीवर तसं लिहिलेलं असतं आणि ते गटाबाहेर पाठवायचं नाही. दोन अनुभवी वाचकांनी एकमेकांचं न पाहता पान वाचायचं. दोघांचं जुळलं तरच ते पक्क्या वाचनाच्या तक्त्यात जातं. जुळलं नाही तर दोन्ही पाठ ठेवायचे आणि शंका तशीच नोंदवायची. पक्कं झालेलं वाचनसुद्धा शिकण्यापुरतं. सरकारी किंवा कोर्टाच्या कामाला अधिकृत लिप्यंतर करून घ्या, हे गटाच्या वर्णनातच लिहिलं आहे.

कच्च्या वाचनाला चुकायची मोकळीक असते म्हणून नवीन माणूस हात घालतो, आणि पक्क्याला कडक चाळणी असते म्हणून कागदाला धक्का लागत नाही. तुम्ही लिहिलेलं पाव-अर्धा-पाऊणचं मी आजच गटाच्या टिपणात घेते. तुमची परवानगी आहे असं धरते.

---

जुना_कारकून

परवानगी कसली, जरूर घ्या. दोघांनी वेगवेगळं वाचण्याची पद्धत चांगली आहे. आम्ही दफ्तरात नकलेची रुजवात घ्यायचो तेव्हा एक मोठ्याने वाचायचा आणि दुसरा मूळ कागदावर बोट ठेवून बघायचा. तुमच्या रविवारच्या बैठकीत हेही करून पाहा. वाचणाऱ्यापेक्षा बोट ठेवणाराच जास्त शिकतो, असा माझा अनुभव आहे.

---

टोकियोत_मुक्काम

या चर्चेत जपानचं एक काम सांगायलाच हवं. इथे जुनी हस्तलिखितं 'कुझुशिजी' नावाच्या जोडून लिहिलेल्या वळणात आहेत. आजच्या बहुतेक जपानी माणसांना ती वाचता येत नाहीत. म्हणजे आपल्या मोडीसारखीच गत. २०१६ मध्ये ओसाका विद्यापीठातल्या मंडळींनी ही अक्षरं शिकवणारं मोबाइल ॲप काढलं. जानेवारी २०१७ मध्ये क्योटो विद्यापीठातल्या जुन्या भूकंपांचा अभ्यास करणाऱ्या गटाने 'मिन्ना दे होनकोकु' सुरू केलं. नावाचा अर्थ साधारण 'सगळे मिळून लिप्यंतर'. टोकियो विद्यापीठाच्या भूकंप संशोधन संस्थेतले जुने भूकंप-वृत्तांत त्यांनी लोकांसमोर ठेवले आणि सांगितलं, तुम्ही वाचा.

मला त्यातल्या दोन गोष्टी फार भावल्या. एक म्हणजे लागलं नाही त्या अक्षराच्या जागी रिकामा चौकोन ठेवायला कुणी लाजत नाही. जपानी अभ्यासकांची ती जुनीच रीत आहे. रानजाईताईंचं प्रश्नचिन्ह म्हणजे तेच. दुसरी म्हणजे आपण करतोय ते कामाचं आहे हे शिकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. कुठल्या गावात जमीन कशी हादरली, लाट कुठवर आली, हे त्या कागदांतून कळतं आणि भूकंपाच्या अभ्यासाला ते लागतं. नुसतं 'लिपी जपा' म्हणण्यापेक्षा 'या गावचा दुष्काळ या पानात आहे, तो वाचून काढू' असं म्हटलं तर माणसं टिकतील असं वाटतं.

---

सागरगोटा

वाचतेय. फार छान चर्चा. टोकियोकर, दुष्काळाच्या कागदांची कल्पना मनापासून पटली.

---

कावेरीकाठ

मी तंजावरची मराठी, आता चेन्नईत राहते. घरात आमची मराठी बोलतो, शाळा तमिळमध्ये झाली. माझ्या लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या.

तंजावरला १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे ढीग आहेत. ते वाचता यावेत म्हणून मी एका ऑनलाइन गटात आले. आल्यावर खूप बिचकले. सगळे पुण्या-साताऱ्याकडचे, त्यांची मराठी भरभर, माझे शब्द वेगळे. मी महिनोन् महिने काही बोलले नाही.

मग एकदा तंजावरचं पान आलं. त्यात 'कलम' शब्द पुन्हा पुन्हा येत होता. कुणी म्हणालं लेखणी, कुणी म्हणालं कायद्याचं कलम, पण वाक्य लागेना. मी घाबरत घाबरत लिहिलं की तमिळमध्ये कलम हे धान्याचं माप आहे, इथे भात मोजलंय. पुढे 'चक्रम' आलं, तेही मी सांगितलं की ते आमच्याकडचं नाणं. गट चालवणाऱ्या ताईंनी तेव्हा जे केलं ते मी विसरणार नाही. तंजावरच्या पानांतले असे शब्द गोळा करायचं काम त्यांनी माझ्याकडे सोपवलं. आता कुणी अडलं की 'कावेरीताईंना विचारा' म्हणतात. माझी मोडी अजून कच्चीच आहे. पण या गटात माझं काम आहे, म्हणून मी रोज येते.

---

ओसरी

कावेरीताई, तुमची मराठी छान आहे, संकोच करू नका. तंजावरच्या शब्दांची यादी इथेही टाकाल का? कितीही छोटी चालेल.

---

निळी_शाई

सगळं चांगलं चाललंय, पण एका धोक्याबद्दल स्पष्ट लिहिते. मोडी कागद म्हणजे बऱ्याचदा घरातले कागद. वाटणीपत्र, गहाणखत, इनामाची सनद. उत्साहाच्या भरात लोक त्यांचे फोटो शेकडो अनोळखी माणसांच्या गटात टाकतात. एका गटात एकाने आजोबांचा कागद वाचायला टाकला. त्याच गटात त्यांचे भाऊबंद होते आणि वाद आधीपासून कोर्टात होता. पुढे जे झालं त्यात त्या माणसाला फार मनस्ताप झाला आणि गटही फुटला.

नोंदींची मागणी वाढल्यापासून दलालही शिरले आहेत. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीचं पान कुणी टाकलं की लगेच खाजगी निरोप येतो, 'नोंद काढून देतो, इतके पडतील.' कधी कधी 'हवी तशी' नोंद काढून देण्याचीही भाषा असते. नवशिका आधीच गांगरलेला असतो, तो अशांच्या हाती लागतो.

आमचे नियम असे आहेत. सरावाला सार्वजनिक संग्रहातलं किंवा छापून आलेलंच पान घ्यायचं. घरचा कागद टाकायचा असेल तर आधी चालकांना दाखवायचा आणि नावं, जमिनीचे गट नंबर झाकायचे. गटात पैशाची बोलणी केली की त्याच दिवशी बाहेर, मग तो कितीही जाणकार असो. हा शेवटचा नियम आम्ही एका चांगल्या वाचकावरही लावला. तो गेला, पण गटातल्या बायका-मुलींना हायसं वाटलं आणि त्यानंतर त्या जास्त मोकळेपणाने बोलायला लागल्या.

---

पिंपळपान

निळी शाईंना +१. आणि वेळेबद्दल जरा बोलू. बहुतेक ऑनलाइन वर्ग संध्याकाळी सात ते नऊ. ती नेमकी स्वयंपाकाची आणि मुलांच्या अभ्यासाची वेळ. 'बायका येत नाहीत' अशी तक्रार करणाऱ्यांनी वेळ बदलून पाहिली आहे का? आम्ही दुपारी अडीचला तासभर बसायला लागलो आणि चित्रच पालटलं. जे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी त्या दिवशीच्या दुरुस्त्या लिहून ठेवतो. तासाभराचं ध्वनिमुद्रण कुणी ऐकत नाही, पण अर्ध्या पानाचं टिपण सगळे वाचतात.

फोटोबद्दलही. अर्धी अडचण अक्षराची नसतेच, फोटोची असते. खिडकीजवळ, सावली न पाडता, कागदाच्या बरोबर वरून घ्या. आणि व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवलं की ते दाबलं जातं, बारीक रेघा पुसतात. काकांनी सांगितलेली पाव-अर्ध्याची रेघ अशीच जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

---

कोरा_कागद

मी अगदी नवा आहे, अक्षरं येतात, वाचन शून्य. एक शंका. रुरकीच्या आयआयटीने मोडीचं देवनागरी करणारं एआय केल्याची बातमी वाचली. मग पाच-दहा वर्षांनी हे सगळं यंत्रच वाचेल ना? आम्ही आता शिकून उपयोग आहे का? निराश करायचा हेतू नाही, खरंच विचारतोय.

---

जुना_कारकून

चांगला प्रश्न. यंत्राला शिकवायला माणसांनी अचूक वाचलेली पानं लागतात. ती कोण देणार? आणि यंत्राने वाचलेलं बरोबर आहे की नाही हे कोण सांगणार? एकट्या पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद रुमालांत बांधलेले आहेत. यंत्र आलं तर हवंच आहे. पण त्याच्याशेजारी बोट ठेवून बसणारा माणूस लागेल. तो तुम्ही व्हा.

सरावासाठी सुचवतो. पत्रांचे ठरावीक मायने आधी पाठ करा. 'विनंती विशेष', 'येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे', 'बहुत काय लिहिणे'. जवळजवळ प्रत्येक पत्रात यातलं काहीतरी असतंच. तिथे काय लिहिलं असणार हे ठाऊक असल्यामुळे त्या कारकुनाचं वळण कळतं आणि मग तेच वळण धरून बाकीचं पत्र उलगडतं. ताडून पाहायला गो. स. सरदेसायांनी १९३० ते ३४ या काळात संपादित केलेले पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड आहेत. ते देवनागरीत छापलेले आहेत.

---

रानजाई

कोरा कागद, इथेच एक छोटा सराव करू या? इतरांनी जरा थांबा, त्यांना वाचू द्या. जुन्या पत्रांत असतो तशा धर्तीचा तारखेचा मायना देते. मोडीत टाकला तर सगळ्यांच्या फोनवर दिसेलच असं नाही (मोडीला युनिकोडमध्ये जागा २०१४ मध्येच मिळाली, पण अनेक फोनांत अजून फॉन्ट नसतो), म्हणून देवनागरीत:

'छ ७ जमादिलाखर सु॥ इहिदे सितैन मया व अलफ'

'छ' म्हणजे चंद्राची तारीख. 'सु॥' म्हणजे शुहूर सन, त्याचे आकडे अरबी शब्दांत असतात. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. शुहूर वर्ष मृगाला सुरू होतं. म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. इसवी सन कोणता येईल? कसा काढलात तेही लिहा.

---

कोरा_कागद

प्रयत्न करतो. १ + ६० + १०० + १००० = ११६१. म्हणजे १७६० किंवा १७६१. पुढे अडलो. जमादिलाखर हा मुसलमानी महिना ना? तो दर वर्षी सरकतो. मग तो त्या वर्षी मृगानंतर लगेच आला की जानेवारीनंतर, हे कसं कळणार? म्हणून इथे [?] टाकतो.

---

रानजाई

अगदी योग्य ठिकाणी थांबलात. तो महिना दर वर्षी साधारण अकरा दिवसांनी मागे येतो, म्हणून नुसत्या आकड्यावरून उत्तर निघत नाही. त्यासाठी जंत्री लागते, म्हणजे जुन्या कालगणनांची तारीखवार सांगड घालणारा तक्ता. या शुहूर वर्षात येणारा जमादिलाखर ११७४ हिजरीचा आहे, तो पाहा.

---

कोरा_कागद

पाहिला. जानेवारी १७६१ मध्ये येतो. म्हणजे ६०० मिळवायचे, साल १७६१. आणि ७ तारीख १४ जानेवारीच्या आसपास पडते. थांबा, हा तर पानिपतचा दिवस!

---

ओसरी

मी पण वहीत काढलं, माझंही १७६१ आलं. गटाबाहेर लिहिलेलं हे माझं पहिलंच उत्तर.

---

जुना_कारकून

दोघांचंही बरोबर. एक दिवस इकडेतिकडे होऊ शकतो, कारण चंद्र दिसण्यावर तारीख धरायचे, त्यामुळे 'आसपास' हा शब्द योग्यच. आता पुढचं मी देतो: 'सु॥ सबा सितैन मया व अलफ', महिना रजब. कावेरीताई, तुम्हीही या. जंत्री उघडूनच बसा.